न कळलेला शब्द: डॉक्टरांचं डिक्टेशन टाइप करताना

शब्द कळला नाही की तोच तुकडा वीस वेळा ऐकण्यात अर्थ नाही. चौथ्या खेपेपासून कान मनातलाच शब्द ऐकायला लागतो. पाच सेकंद मागे जा, वेग 80 टक्क्यांवर आणा, तीनदा ऐका. नाहीच लागला तर जागा मोकळी सोडून तिथे मिनिट-सेकंद टाका आणि पुढे चला. निदानात किंवा डिस्चार्जच्या सल्ल्यात डॉक्टर तो बहुधा पुन्हा म्हणतात.

मग केस वाचा. कोकणात महिनासुद्धा बोलतो. पावसाळा, शेतात काम, ताप, दुखऱ्या पोटऱ्या आणि पुढे 'कंजंक्टायव्हल कन्फ्युजन'? ते 'सफ्युजन', म्हणजे लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या पावसाळी तापाचे) लाल डोळे. जानेवारी ते मे, पेशंट सिंधुदुर्गातल्या दोडामार्गकडचा, जंगलात जाणं, गोचीड असं आलं तर पुटपुटलेली तीन अक्षरं केएफडी, म्हणजे माकडताप, आहेत का ते आधी पाहा. 'टायफ...' एवढंच ऐकू आलं तर उपचाराची ओळ बघा. डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दोनदा असेल तर टायफस (किड्याच्या चाव्यातून येणारा ताप), सेफ्ट्रायॅक्सोन असेल तर टायफॉइड, असा कल धरता येतो. दोन्ही औषधं एकत्रही देतात, त्यामुळे हा पुरावा नव्हे. पण काखेतला किंवा जांघेतला ताजा, काळ्या खपलीचा 'स्कार' सहसा एस्कार (चाव्याच्या जागची खपली) असतो, आणि तो टायफसकडे बोट दाखवतो.

सर्पदंशात सापाचं नाव धरा. मण्यार असेल तर 'टोसिस' बसतं, पापणी झुकते. फुरसं असेल तर पुन्हा ऐका, त्यात पापणी सहसा झुकत नाही. कोशात मात्र 'टोसिस' टी खाली मिळणार नाही. न्युमोनिया, सोरायसिससारखा तोही मुक्या पी ने सुरू होतो.

हायपो (कमी) की हायपर (जास्त), हे पुढचा आकडा सांगतो. बीपी 80/50 असेल तर हायपो.

डोस मात्र अंदाजाने कधीच भरू नका. विंचूदंशावरचं प्राझोसिन (महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे इकडे सगळ्यांना ठाऊक) मुलांना किलोमागे 30 मायक्रोग्रॅम देतात. 'मायक्रो'चं 'मिलि' झालं की डोस हजारपट. फिफ्टीन (15) आणि फिफ्टी (50) ऐकतानाही असाच घोळ होतो. चूक डॉक्टरांचीच वाटली तरी स्वतः दुरुस्त करू नका, ऐकलं तसं लिहून खूण करा.

शंका ओपीडी सुरू होण्याआधी एकदमच पाठवा. 'हा शब्द कोणता?' असं न विचारता वेळ आणि दोन पर्याय द्या, उत्तर लवकर येतं. मग वहीत त्या डॉक्टरांच्या पानावर डावीकडे ऐकू आलेलं रूप लिहा, उजवीकडे खरा शब्द.