पहिली पॉइंट टू-टू घेताना: डबे उडवायला आणि ससा-खारीच्या शिकारीला

अमेरिकेतल्या बंदुकांच्या कुठल्याही बऱ्या दुकानात भिंतीवर पंधरा-वीस पॉइंट टू-टू (म्हणजे .२२ इंच जाडीच्या लहान गोळीच्या) रायफली टांगलेल्या असतात. सगळ्या दिसायला जवळपास सारख्या, किमतीत मात्र चौपट-पाचपट फरक. म्हणून निकाल आधीच सांगून टाकलेला बरा: पहिली रायफल बोल्ट-ॲक्शन (दर गोळीला मागचा बोल्ट, म्हणजे खिट्टी, हाताने मागे-पुढे करायची ती) घ्या, काडतूस .२२ एलआर (लाँग रायफल), नळी १६ ते २० इंच, वजन साडेपाच-सहा पौंड. वाचतील ते पैसे दुर्बीण आणि काडतुसांवर घाला.

आधी कायदा

हे सगळं अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे. महाराष्ट्रात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याखाली ससा मारणं हा गुन्हा आहे, तेव्हा तिकडची गोष्ट इकडे लावू नका.

एच-वन-बी, एल-वन, एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूकच काय, एक काडतूसही जवळ ठेवता येत नाही. सर्वसामान्य माणसाच्या उपयोगाचा मुख्य अपवाद एकच: तुमच्या नावावर तिथल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना हवा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. दुकानात फॉर्म ४४७३ भरताना हा प्रश्न येतो आणि त्यात जाणूनबुजून खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा. परवानाधारक दुकानातून रायफल घ्यायला वय किमान १८. त्यावर राज्याचे नियम वेगळे: न्यू जर्सीत आधी परचेसर आयडी कार्ड काढावं लागतं, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे बंदूकमालकाचं राज्याचं ओळखपत्र. शिकारीला हंटर एज्युकेशनचा कोर्स, परवाना आणि हंगामाच्या तारखा हे तिन्ही आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याच्या वेबसाइटवर बघा. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून बंदुकीने कुठलंही जनावर मारायचं तर शिशाची गोळी चालत नाही. तिथे राहत असाल तर हे आधीच लक्षात घ्या, कारण त्याचा परिणाम रायफलीच्या निवडीवरही होतो.

काडतूस ठरवा, मग रायफल

रिमफायर म्हणजे ज्याची ठिणगी काठावर असते ते काडतूस. पुंगळीच्या तळाची कड पोकळ असते, तिच्यात ओलं प्रायमिंग मिश्रण गरगर फिरवून पसरवतात आणि रायफलीची पिन त्या कडेवर आपटते. पिनेने चेपता यावी म्हणून ही कड पातळच ठेवावी लागते, म्हणून दाबही कमीच ठेवावा लागतो, आणि एकदा उडालेली पुंगळी पुन्हा भरता येत नाही. मिश्रण कडेभर सारखं पसरलं नसेल तर काडतूस फुसकं निघतं. असं झालं तर नळी निशाण्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, मग बोल्ट उघडा. काडतूस अर्धा वळसा फिरवून एकदा पुन्हा मारून बघायला हरकत नाही. तरी नाही उडालं तर बाजूला काढून ठेवा.

पर्याय खरे तीनच. .२२ एलआर हे १८८७ पासूनचं, आणि आजही सगळ्यात स्वस्त. (कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचं ब्राँझ मिळवलं ते याच काडतुसावर. त्याच्या प्रकारातली रायफल मात्र आठ किलोपर्यंत जाऊ शकते. ती खांद्याला लावून रानात फिरायची नाही.) दुसरं .२२ मॅग्नम, १९५९ चं: ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला १९०० फुटांच्या आसपास. तिसरं .१७ एचएमआर, २००२ चं: १७ ग्रेनची गोळी सेकंदाला २५५० फूट. शंभर यार्डांवर हे तिसरं सुईसारखं लागतं, पण खार खायची असेल तर मांसाचा चोथा करतं, आणि दर गोळीमागे खर्च काही पट. दिवसभर डबे उडवायचे तर हे परवडत नाही. शेतात बिळं करणारे ग्राउंडहॉग, प्रेअरी डॉग शंभर यार्डांपलीकडे मारायचे असतील तरच त्याचा विचार करा.

.२२ एलआरचं काडतूस मॅग्नमच्या रायफलीत कधीही घालू नका. ते आत जातं, म्हणूनच घोटाळा होतो. मॅग्नमची पुंगळी जाड असते. तिच्या घरात एलआर सैल बसतं आणि उडताना फाटतं.

बोल्ट, सेमी-ऑटो की लिव्हर

सेमी-ऑटो म्हणजे चाप ओढला की पुढचं काडतूस आपोआप भरणारी; त्यातली सगळ्यात जास्त खपणारी रुगर १०/२२. १९६४ पासून चालू, दहा काडतुसांचं गोल फिरणारं मॅगझिन, आणि सुटे भाग इतके मिळतात की मूळ रायफलीतलं काहीच न ठेवता नवी उभी करता येईल. डबे उडवायला हिच्याइतकी मजा दुसरीत नाही. पण ट्रिगर कारखान्यातून जड येतो, ओढायला पाच-सहा पौंडांचा जोर लागतो. हलक्या सबसॉनिक (ध्वनीपेक्षा हळू) काडतुसांवर बोल्ट पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी दारात अडकते. आणि मुख्य म्हणजे नवशिक्याचं बोट भराभर चाप ओढायला शिवशिवतं. पाचशे काडतुसांचं खोकं, ज्याला तिकडे ब्रिक म्हणतात, एका दुपारी संपतं आणि नेम होता तिथेच राहतो.

बोल्ट-ॲक्शनमध्ये प्रत्येक गोळीला हात हलवावा लागतो, त्यामुळे डोकंही चालतं. .२२ एलआरच्या रायफलीत कुठलंही एलआर काडतूस चालतं, हळू असो वा वेगवान. साफ करायला बोल्ट काढला की गज मागून घालता येतो. बहुतेक रुगर १०/२२ मध्ये मागून वाट नाही. पुढून गज घालून घालून नळीच्या तोंडाची कड झिजते आणि नेमाचं वाटोळं तिथूनच होतं. ती रायफल असेल तर ओढायची दोरी, म्हणजे बोअरस्नेक, वापरा.

बोल्टवाल्यांत कमी पैशांत सॅव्हेज मार्क टू. तिचा ॲक्युट्रिगर मालकाला स्वतःला कमी-जास्त करता येतो, आणि नळी किमतीच्या मानाने फार चांगली. दस्ता मात्र प्लास्टिकचा, पोकळ वाजणारा. रुगर अमेरिकन रिमफायरचा मोठा फायदा म्हणजे तिला १०/२२ चीच मॅगझिनं लागतात. थोडं वर गेलात की चेक बनावटीची सीझेड ४५७ आणि फिनलंडची टिक्का टी-वन-एक्स. सीझेडचा बोल्ट फक्त साठ अंश उचलावा लागतो, म्हणजे दुर्बिणीखाली बोटं चेपत नाहीत. दोघींपैकी कुठलीही घेतली तरी मुलं मोठी होईपर्यंत दुसरी घ्यावी लागणार नाही.

लिव्हरवाली, म्हणजे चापाखालची दांडी खाली-वर करून भरायची, हेन्री हौसेला उत्तम. तिच्यात आणि जुन्या मार्लिन ६० मध्ये काडतुसं नळीखालच्या नळीत भरतात, आणि तिथे एक सवय लावून घ्यावीच लागते: आतली दांडी बाहेर काढून काडतुसं ओतली तरी एखादं चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागी) किंवा वाटेत राहिलेलं असतं. लिव्हर किंवा बोल्ट तीन-चारदा पूर्ण चालवून, मग चेंबरमध्ये डोळ्याने बघून, करंगळी घालून खात्री करा.

हातात घेतल्यावर काय बघायचं

नवी असो वा जुनी, आधी रिकामी असल्याची खात्री. मग दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवा: तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज पोचलं पाहिजे. अमेरिकन रायफलींचा दस्ता साधारण साडेतेरा इंचांचा असतो, आणि पाच फूट दोन-तीन इंच उंचीच्या माणसाला तो लांब पडतो. लांब दस्त्यावर मान पुढे ताणावी लागते, दुर्बिणीत काळी कड दिसते, आणि दोष मात्र दुर्बिणीला जातो. अशांनी कॉम्पॅक्ट किंवा यूथ मॉडेल घ्यायला लाजू नये.

जुनी रायफल असेल तर खिशात छोटी बॅटरी न्या. बोल्ट काढून चेंबरची कड बघा. रिकाम्या रायफलीचा चाप पुन्हा पुन्हा ओढला गेला असेल तर पिन थेट पोलादावर आपटून तिथे तांदळाच्या कणीएवढा खळगा पडलेला दिसतो. खळगा खोल असेल तर त्याचा उंचवटा आत येतो, पुंगळी रुतते, आणि बरोबर त्याच जागी कडेला आधार न मिळाल्याने काडतुसं फुसकी जातात. दुरुस्त होतं, पण बंदूकदुरुस्तीवाल्याचे पैसे किमतीतून वळते करून घ्या. मग नळीचं तोंड बघा: कडेला टवका, ओरखडा असेल तर सोडून द्या. नळीत नुसती काळपट घाण दिसली तर घाबरू नका, ती निघते. गंजाचे खड्डे निघत नाहीत.

चाप न ओढता सराव होत नाही हेही खरं. रुगर १०/२२ ला रिकामा चाप चालतो असं कंपनीच सांगते. बाकी रायफलींचं त्यांच्या पुस्तिकेत बघा. चालत नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात भिंतीत स्क्रू बसवायचे पिवळे प्लास्टिक प्लग मिळतात, चार-सहा नंबरचे. ते .२२ च्या चेंबरमध्ये नेमके बसतात आणि पिनेचा मार झेलतात. दहा-बारा ठोक्यांनंतर थोडा फिरवा, चारी बाजू चेपल्या की फेका. पिवळा रंग लांबून दिसतो हा वरचा फायदा.

दुर्बीण

दोन ते सात किंवा तीन ते नऊ पट पुरेशी आहे. बघायची गोष्ट वेगळीच: पॅरलॅक्स कुठल्या अंतराला बसवलेला आहे. मोठ्या रायफलीच्या दुर्बिणी १०० यार्डांना किंवा त्यापुढे बसवलेल्या असतात. पंचवीस यार्डांवर डोळा जरा इकडेतिकडे झाला की फुली निशाण्यावरून सरकते. रिमफायर लिहिलेली, ५० यार्डांची घ्या, किंवा पॅरलॅक्स फिरवता येणारी. दुर्बीण बसवायच्या रिंगा घेताना रायफलीवरची खाच तपासा. सीझेडवर ११ मिलिमीटरची डव्हटेल असते, इतर बऱ्याच रायफलींवर वीव्हर किंवा पिकॅटिनी पट्टी. एकीच्या रिंगा दुसरीवर बसत नाहीत, आणि दुकानात हे कोणी आपणहून सांगेलच असं नाही.

काडतूस रायफल निवडते

सारख्याच दोन रायफली शेजारी ठेवल्या तरी एकीला आवडलेलं काडतूस दुसरी विखरून टाकते. त्यामुळे रायफल आणली की लगेच एकाच जातीची ब्रिक घेऊ नका. पन्नासची पाच-सहा खोकी वेगवेगळी घ्या: एक-दोन स्टँडर्ड व्हेलॉसिटी (सीसीआयची ४० ग्रेन, सेकंदाला १०७० फूट), एक वेगवान (मिनी-मॅग, १२३५ फूट), एक शिकारीची हॉलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेली), आणि जमलं तर एसके किंवा इलीचं एखादं महाग खोकं. कॅलिफोर्नियावाल्यांनी यात तांब्याची गोळीही धरावी, सीसीआयची २१ ग्रेनची. इतकी हलकी गोळी प्रत्येक नळीला मानवतेच असं नाही, म्हणून तिथे रायफल पक्की करण्याआधीच ही चाचणी झालेली बरी.

अंतर ५० यार्ड, पुढे वाळूची पिशवी, मागे दस्त्याखाली दुसरी लहान पिशवी, आणि वारा पडलेली सकाळ. कान-डोळ्यांना संरक्षण. दर वेळी काडतूस बदललं की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या नुसत्या बांधावर घाला, कारण गोळीवरचं मेण नळीला लागतं आणि नव्या मेणाचा थर बसेपर्यंत नळी ठिकाणावर येत नाही. मग पाच-पाच गोळ्यांचे तीन गट; गट म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांची भोकं किती जवळ पडली ते. तिन्ही मोजा, सगळ्यात सुंदर एकच नव्हे. आणि चाचणीच्या मध्येच नळी घासून साफ करू नका; तसं केलंत तर पुन्हा पहिल्यापासून.

डब्यांसाठी दोन इंचांचा गट चालेल. शिकारीला चालत नाही: खारीचं डोकं जेमतेम दीड इंचाचं, तेव्हा ५० यार्डांवर शिकारीचंच काडतूस एका इंचात बसायला हवं. बसत नसेल तर ज्या अंतरावर बसतं तेवढ्यावरूनच मारा, मग ते तीस यार्ड का असेना. ५० ला नेम बसवलेली वेगवान गोळी शंभरला साधारण सहा इंच खाली जाते, त्यामुळे अंतराचा अंदाज चुकला की जनावर जखमी होऊन पळतं.

स्टँडर्ड व्हेलॉसिटीचं काडतूस स्वस्त असून बहुतेक वेळा वेगवानापेक्षा जवळ-जवळ लागतं. कारण ध्वनीचा वेग सेकंदाला ११२५ फुटांच्या आसपास आहे. वेगवान गोळी शंभर यार्डांच्या आतच त्याच्या खाली उतरते आणि उतरताना डगमगते. हळू गोळी मुळात त्याच्यावर जातच नाही.

काडतुसं सुटी खिशात टाकू नका. गोळीवरच्या मेणाला धागे, वाळूचे कण चिकटतात आणि ते थेट नळीत जातात. नेमबाजी संपली की खाण्याआधी हात साबणाने धुवा, शिसं लागलेलं असतं.

डबे कशासमोर ठेवायचे तेही ठरवून जा. पॉइंट टू-टूची गोळी मैलाच्या पुढे जाते, आणि पाण्यावरून, दगडावरून, गोठलेल्या जमिनीवरून हटकून उसळते. मागे मातीचा उंच बांध हवाच. काचेची बाटली नको: तुकडे वेचता येत नाहीत आणि पुष्कळ ठिकाणी मनाईही असते. पोलादी पाटी लावायची तर कडक, खड्डे न पडलेली, वरून किंचित पुढे झुकवलेली, म्हणजे शिसं जमिनीकडे जातं.

आवडतं काडतूस सापडलं की खोक्याच्या आतल्या झाकणावरचा लॉट नंबर बघा आणि त्याच नंबराच्या दोन-तीन ब्रिक एकदम घ्या. पुढचा लॉट त्याच नावाचा, त्याच कंपनीचा असला तरी दुर्बिणीचा नेम पुन्हा तपासायचा, आणि गट फाकले तर सगळी चाचणी नव्याने.