घाबरट कुत्रं दत्तक आणलंय? आधी त्याला त्याचं त्याचं राहू द्या

नवीन कुत्रं घरी आलं की गल्लीतली सगळी लेकरं बघायला जमतात, तेच आधी बंद करा. एका कोपऱ्यात, जिथं कूलर लागतो आणि जास्त ये-जा नाही, तिथं जुनी गोधडी टाका, पाण्याचं भांडं ठेवा आन् सोडून द्या. पलंगाखाली घुसलं तर ओढून काढायचं नाही, डोळ्यात डोळे घालून बघायचं नाही, बाजूला पाठ करून बसा, अंड्याचा तुकडा जवळ टाका, ते आपलं आपण येतं. हात लावायचा तर मानेखाली, डोक्यावरून नाही. जेवण पहिले काही दिवस आधीच्या जागी जे खात होतं तेच द्या, एकदम बदललं की जुलाब होतात, आणि भाजीच्या रश्शात भाकरी कुस्करून देताना कांदा-लसूण असतोच, ते कुत्र्याला विषारी, म्हणून साधी भाकरी आन् उकडलेलं चिकन बरं. फिरायला पहाटे न्या, मे महिन्यात परभणी-नांदेडकडं दुपारी डांबरी रोडवर पाय भाजतात. पट्टा गळा आवळणार नाही पण निसटणारही नाही असा हवा, फटाका वाजला की असली कुत्री पळतात. रेबीजचं इंजेक्शन झालंय का ते बघा, माहीत नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर मात्र थांबू नका, डॉक्टरकडं न्या.