टाकीत उरलेलं औषध बघून हुरळू नका: द्राक्षबागेतल्या सेन्सर ब्लोअरच्या चुका

सेन्सरवाला ब्लोअर, म्हणजे पानं दिसतील तिथेच औषध फवारणारं ट्रॅक्टरचं यंत्र, पहिल्यांदा बागेतून फिरला की सगळे टाकीत वाकून बघतात, किती उरलं. पण ते वाचलं की पानावर पोहोचायचंच राहिलं, हे टाकी सांगत नाही.

अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींवर चालणाऱ्या) सेन्सरला ना डाऊनी कळते, ना भुरी; हे द्राक्षाचे बुरशीजन्य रोग. प्रतिध्वनीवरून समोर पानोरा आहे की नाही एवढंच त्याला कळतं. नसेल तिथल्या नोझलचा व्हॉल्व्ह बंद होतो.

सगळ्यात जास्त घोळ वेगाचा. सेन्सर पुढे, नोझल मागे. मधलं अंतर आणि ट्रॅक्टरचा वेग धरून कंट्रोलर किती थांबायचं ते ठरवतो. ताशी 5 किलोमीटरने ट्रॅक्टर सेकंदाला सुमारे 1.4 मीटर जातो. अर्ध्या सेकंदाची चूक झाली की फवारा 70 सेंटीमीटर सरकला. वेलीची एक कड कोरडी, औषध मोकळ्या जागेत! वेग चाकावरून मोजला जात असेल तर ओल्या काळ्या मातीत चाक घसरतं आणि कंट्रोलरला वेग जास्त वाटतो. म्हणून आपल्याच बागेत, टाकी अर्धी भरून, 30 मीटर चालवून बघा: 5 च्या वेगाला साडेएकवीस सेकंद लागायला हवेत. डांबरी रस्त्यावरचा हिशोब बागेत चालत नाही.

गोडी छाटणीनंतरचे (फळासाठी घेतलेल्या छाटणीनंतरचे) कोवळे, विरळ फुटवे सेन्सरला मोकळी जागा वाटू शकतात. नेमकी तेव्हाच डाऊनीची भीती. माझं मत स्पष्ट आहे: या अवस्थेत सेन्सर बंद ठेवून सलग फवारा. मांडवाच्या बागेत आडवे बघणारे सेन्सर कामाचे नाहीत, ते वर वळवा. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) किंवा गंधकाचा थर सेन्सरवर बसतोच. दर टाकीला ओल्या फडक्याने पुसा.

आता औषधाचं माप. समजा, आधी एकरी 400 लिटर लागायचं, आता 280 लागतं. 400 चं औषध 280 मध्ये ओतलं तर द्रावण जवळपास दीडपट तीव्र होतं. पानं करपतात, निर्यातीच्या मालात रेसिड्यूचा, म्हणजे औषधाचा अंश उरण्याचा, धोका वाढतो. लेबलवर प्रमाण लिटरला दिलंय की हेक्टरला, ते आधी वाचा.

बरेच नोझल एकदम बंद झाल्यावर प्रेशर गेजचा काटा उसळला, तर जादा पाणी टाकीत परत सोडणारा बायपास व्हॉल्व्ह तपासा. नव्या नोझलपेक्षा 10 टक्के जास्त पाणी सोडणारं नोझल बदला.

आणि औषध घालण्याआधी साध्या पाण्यावर चाचणी घ्या. पाण्याने निळे होणारे पिवळे कागद पानोऱ्याच्या आत, पानाच्या दोन्ही बाजूंना लावा. पिवळाच राहिला तर फवारा चुकला; अख्खा निळा झाला तर पाणी ओघळतंय. बारीक, दाट ठिपके दिसेपर्यंत औषधाची बाटली उघडू नका.