सिंगापुरात भाडेकरार वाढवताना

पहिलं घर घेताना नवीन मंडळी दहा जणांना विचारतात. मुदत संपत आली की मात्र घरमालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर 'अजून एक वर्ष राहतो' असं कळवतात, तो 'ओके' म्हणतो आणि दोघंही निर्धास्त होतात. पण मुदतवाढ हा इथे वेगळा दस्त धरतात. पूर्ण करार नव्याने करा की एका पानाचं मुदतवाढीचं पत्र करा, त्यावर स्टॅम्प ड्युटी पुन्हा भरावीच लागते. पहिल्या वेळी बहुतेकदा एजंटच ती भरून पावती पाठवतो, त्यामुळे अनेकांना ती भरलेली आठवतही नाही. या वेळी एजंट मध्ये नसेल तर काम तुमचं. ड्युटी भाडेकरूने भरायची, असं कलम बहुतेक करारांत असतंच.

पुण्या-मुंबईचा अकरा महिन्यांचा हिशोब इथे चालत नाही. स्टॅम्प पेपर नाही, घरी येऊन अंगठे घेणारा माणूस नाही. चार वर्षांपर्यंतच्या करारावर ड्युटी एकूण भाड्याच्या ०.४ टक्के. महिना ३,५०० सिंगापूर डॉलर भाड्याने एक वर्ष वाढवलं, तर ४२,००० वर १६८ डॉलर. फर्निचर किंवा मेंटेनन्सचे पैसे वेगळे दाखवले असतील तर तेही भाड्यातच धरायचे. वर्षाचं भाडं १,००० डॉलरपर्यंत असेल तर ड्युटी माफ आहे, पण त्या पैशांत वर्षभर कुणी साधी खोलीही देणार नाही.

सही झाल्यापासून १४ दिवसांत भरायचं. सही परदेशात झाली असेल तर कागद सिंगापुरात पोचल्यापासून ३० दिवस. आयरासच्या, म्हणजे इथल्या करखात्याच्या, ई-स्टॅम्पिंग पोर्टलवर सिंगपासने (सरकारी डिजिटल ओळखीने) जा. दोन्ही बाजूंची नावं, ओळख क्रमांक, पत्ता, तारखा, भाडं भरा आणि तिथेच पैसे द्या. स्टॅम्प सर्टिफिकेट मिळेल ते करारासोबत ठेवा आणि मालकालाही पाठवा. उशीर तीन महिन्यांपर्यंतचा असेल तर दंड १० डॉलर किंवा ड्युटीइतकाच, जो जास्त असेल तो. त्यापुढे २५ डॉलर किंवा चौपट, म्हणजे वरच्या उदाहरणात ६७२ डॉलर. शिवाय स्टॅम्प नसलेला करार कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. डिपॉझिटवरून वाजलं, तर दोन वर्षांपर्यंतच्या भाडेकराराचे २०,००० डॉलरपर्यंतचे दावे स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनलमध्ये वकिलाशिवाय लढता येतात. तिथे हाच कागद लागतो.

आता भाड्याची घासाघीस. मालक 'मार्केट रेट' म्हणून आकडा फेकतो तेव्हा लगेच मान डोलवू नका. यूआरएच्या (शहर नियोजनाचं सरकारी खातं) संकेतस्थळावर कॉन्डोनिहाय, म्हणजे खासगी गृहसंकुलांप्रमाणे, झालेले करार दिसतात, आणि ही माहिती येते ती आयरासकडे स्टॅम्प ड्युटीसाठी गेलेल्या करारांतूनच. तुमच्याच कॉन्डोत तेवढ्याच आकाराचं घर गेल्या काही महिन्यांत कितीला गेलं ते बघा, स्क्रीनशॉट पाठवा आणि मग बोला. हे मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी करा, शेवटच्या आठवड्यात हातात काही उरत नाही.

मुदतवाढीच्या पत्रात मी एक वाक्य हमखास घालायला लावतो: 'आधीचं डिपॉझिट या मुदतीसाठी पुढे धरलं आहे', आणि पुढे रक्कम. दुसरं डिप्लोमॅटिक क्लॉज. नोकरी गेली किंवा बदली झाली तर करार मध्येच सोडायची ही मुभा. एक वर्षाच्या मुदतवाढीत मालक ती गुपचूप वगळतात. ईपीवर (एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे नोकरीचा परवाना) असाल तर ती मागून घ्याच, त्यासाठी भाड्यात थोडं नमतं घ्यावं लागलं तरी. एसी सर्व्हिसिंग आणि किरकोळ दुरुस्तीची मर्यादा जुन्याप्रमाणेच राहते, त्यावर वेळ घालवू नका.

एचडीबीत, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरांत, राहणाऱ्यांसाठी एक जास्तीचं काम: मुदतवाढीलाही मालकाने या मंडळाची मंजुरी घ्यावी लागते. ती मिळाली का ते विचारा आणि मंजुरीची प्रत मागून घ्या. तुमच्या पासची मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी उरली असेल तर तिथेच अडेल, म्हणून आधी पास वाढवा, मग घर. एचडीबीच्या भाडेव्यवहारात एजंटला भाडं किंवा डिपॉझिटचे पैसे हाताळायची परवानगी नाही. तो 'माझ्या खात्यात टाका' म्हणाला तर टाकू नका, थेट मालकाला द्या.