आकाशात काहीतरी विचित्र दिसलं? आधी घड्याळ बघा, मोबाईल नंतर

उन्हाळ्यात नागपुरात गच्चीवर गाद्या पडल्या की कोणीतरी ओरडतंच, अबे ते बघ, विमान नाही ते! मग व्हिडिओ, मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, आणि सकाळपर्यंत सोनेगावला एअरफोर्सचं काहीतरी सिक्रेट उतरलं हे फायनल. आता सिक्रेट विमानं नसतातच असं नाही. अमेरिकेचं रडारला चुकवणारं एफ-117 विमान 1981 मध्येच उडालं होतं पण जगाला सांगितलं 1988 मध्ये, तोवर ते रात्रीच उडवायचे. त्याआधीचं यू-2 तर 60 हजार फुटांवरून जायचं, तेव्हाची प्रवासी विमानं त्याच्या निम्म्या उंचीवरही नसायची, त्यामुळे त्या काळच्या अर्ध्याहून जास्त उडत्या तबकड्या म्हणजे आमचीच टेहळणी विमानं होती असं सीआयएच्या, म्हणजे अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या, एका अहवालात 1997 मध्ये आलं. (सगळ्यांना ते पटलेलं नाही, ते सोडा.) प्रश्न हा की तुम्हाला दिसलं ते नेमकं काय.

तर काही दिसलं की पहिले वेळ बघायची, मिनिटासकट. मग दिशा, समोरची पाण्याची टाकी, टॉवर, काहीतरी खूण धरून. मग हात सरळ ताणून मूठ धरा, एक मूठ म्हणजे साधारण 10 अंश, क्षितिजापासून किती मुठी वर आहे ते मोजा आणि लिहून ठेवा. "खूप मोठं होतं, खूप खाली होतं" हे लिहू नका, कारण काळ्या आकाशातल्या एकट्या ठिपक्याचं अंतर डोळ्याला कळतच नाही, आणि अंतर नाही तर साइजही नाही. व्हिडिओ काढताना फ्रेममध्ये छताचा कोपरा येऊ द्या. झूम करून करून जो थरथरणारा गोळा दिसतो ना, तो यान नाही हो, मोबाईलचा फोकस गेलेला असतो.

आता लाइट. विमानाच्या डाव्या पंखावर लाल, उजव्या पंखावर हिरवा आणि लुकलुकणारा पांढरा, मग ते साधं विमान. न लुकलुकता, आवाज न करता चार-सहा मिनिटांत आकाश पार करून मधेच विझलं तर स्पेस स्टेशन नाहीतर सॅटेलाइट, आणि माळेसारखी रांग असेल तर स्टारलिंकचे इंटरनेटवाले सॅटेलाइट. तासभर एकाच जागी चमकत असेल तर बहुतेक शुक्र. हसू नका, लडाखमध्ये आपल्या लष्करानं अशा प्रकाशांवर कितीतरी महिने पाळत ठेवली होती, शेवटी खगोलवाल्यांनी सांगितलं की ते गुरू आणि शुक्र आहेत.

आपल्याकडे अजून दोन भानगडी आहेत. एक म्हणजे शहर देशाच्या मधोमध, त्यामुळे लांब पल्ल्याची विमानं डोक्यावरून जात राहतात, आणि सूर्य मावळल्यावरही वरच्या उन्हात त्यांची धुरासारखी रेघ अशी केशरी पेटते की कोणालाही मिसाइल वाटावं. दुसरी म्हणजे हवामान खात्याचा फुगा, तो रोज पहाटे आणि सायंकाळी सुटतो, वर पांढरा ठिपका दिसतो आणि हलत नाही असंच वाटतं. फ्लाइटरडार, म्हणजे उडती विमानं दाखवणारं अ‍ॅप, जरूर बघा पण त्यात नाही म्हणून लगेच सिक्रेट ठरवू नका, फौजेची बरीच साधी विमानंही त्यात दिसत नाहीत.

मोठ्ठा धमाका ऐकू आला तर? 20 मे 2020 ला बेंगळुरूत खिडक्या हादरल्या होत्या, नंतर संरक्षण खात्यानं सांगितलं की एअरफोर्सची सुपरसॉनिक, म्हणजे आवाजाहून वेगवान, टेस्ट फ्लाइट होती, शहरापासून बरीच दूर.

माझी आवडती युक्ती मात्र वर्ध्याच्या मित्राची. वर्धा सरळ रेषेत 70 किलोमीटरच्या आसपास. तुमच्या डोक्यावर 10 किलोमीटर उंचीवर विमान असेल तर त्याला ते ईशान्येला क्षितिजालगत, एका मुठीपेक्षाही खाली दिसेल. पण त्याच मिनिटाला त्यालाही जवळपास डोक्यावरच दिसलं तर ती वस्तू शेकडो किलोमीटर वर आहे, म्हणजे विमानाचा विषयच संपला. 2022 च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी जळत्या तुकड्यांची रांग अख्ख्या विदर्भानं पाहिली, तेही विमान नव्हतं, रॉकेटचा भाग परत येत होता, आणि चंद्रपूरकडे सिंदेवाही तालुक्यात धातूची भलीमोठी रिंग पडली. उल्का एक-दोन सेकंदात संपते, असं रॉकेट सावकाश, तुटत तुटत जातं.

मग खरी केस कशी असते? 1989 मध्ये उत्तर समुद्रात तेलाच्या रिगवरून एका इंजिनियरला काळा त्रिकोण दिसला. त्याची दखल आजही घेतात, कारण तो विमानं ओळखण्यात तयार होता, आणि त्रिकोणासोबत ओळखीचं, हवेत इंधन भरणारं टँकर विमान आणि दोन एफ-111 लढाऊ विमानं होती, म्हणजे मापाला काहीतरी होतं. तरी ते काय होतं हे अजून सिद्ध नाही. आणि आपल्याकडचं म्हणाल तर डीआरडीओनं, म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेनं, शेपूट नसलेलं, पंखासारखं विनापायलट विमान 1 जुलै 2022 ला उडवलं ते कर्नाटकात चित्रदुर्गच्या टेस्ट रेंजवर, आपल्या फुटाळा तलावावर नाही.

आणि बापा, वायुसेना नगरच्या भिंतीजवळ कॅमेरा घेऊन उभं राहू नका, 1923 चा ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट अजून लागू आहे. शेतात काही पडलेलं सापडलं तर हात न लावता पोलिसांना कळवा. हैदराबादहून टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेचे फुगे सुटतात, त्यांची यंत्रं वाऱ्यानं महाराष्ट्रातही येऊन पडू शकतात आणि आतला डेटा त्यांना परत हवा असतो.