लहान मुलांची भीती घालवताना या चुका टाळा

"घाबरण्यासारखं काय आहे त्यात?" हे वाक्य मायेपोटीच तोंडून निघतं. पण तीन ते आठ वर्षांच्या मुलाला त्यातून एवढंच कळतं की आपल्याला जे वाटतंय ते चुकीचं आहे. मग ते सांगायचं बंद करतं आणि भीती तशीच राहते. त्याऐवजी म्हणा, "तुला भीती वाटतेय, कळलं मला. भीती वाटली तरी तुला हे जमेल." यातलं एकही वाक्य गाळू नका. नुसतं पहिलं म्हटलं तर मूल भीतीतच रुतून बसतं, नुसतं दुसरं म्हटलं तर एकटं पडतं.

भीतीतून सोडवून आणणं

आमच्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मूल रडतं, आपण जाणं रद्द करतो, पाच मिनिटांत रडणं थांबतं. या सुटकेतून मूल शिकतं की तिथे खरंच धोका होता. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. पण म्हणून त्याला भीतीत एकदम ढकलूनही द्यायचं नाही. छोट्या पायऱ्या करायच्या.

समजा, मूल अंधारात एकटं झोपायला घाबरतं. पहिले तीन-चार दिवस मंद दिवा लावून त्याच्या खोलीतच बसा. मग दारात. मग दार उघडं ठेवून बाहेर, "दोन मिनिटांनी येते" असं सांगून. आणि बरोबर दोन मिनिटांनी, त्याने हाक मारायच्या आधी, या. हाक मारल्यावरच येत राहिलात तर हाक मारणं हाच उपाय होऊन बसतो. हळूहळू दोनाची पाच मिनिटं, पाचाची दहा करा.

भीती किती आहे ते हात पसरून दाखवायला सांगा. आकड्यांपेक्षा ते सोपं जातं. पायरीवर मूल अडलं तर ती पायरी उंच झाली आहे. मध्ये आणखी एक घाला, पण पार पहिल्या पायरीवर परतू नका.

तीच खात्री दहादा देणं

"तू नक्की येशील ना घ्यायला?" याचं एकदा नीट उत्तर द्या. पुढचे प्रश्न माहितीसाठी नसतात. तेव्हा विचारा, "मी काय सांगितलं होतं बरं?" उत्तर त्याच्याच तोंडून येऊ द्या. सोडायला गेल्यावर गुपचूप सटकू नका. निरोप छोटा असावा, पण समोरासमोर.

ऐन रडताना श्वास शिकवणं

"मोठा श्वास घे" म्हटलं की मुलं खांदे उचलून भराभर हवा ओढतात, त्याने गरगरतं आणि घाबरणं वाढतं. सराव शांत असताना, रोज पाच श्वासांचा करा. आडवं झोपवून पोटावर मऊ खेळणं ठेवा. तीन मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर. खेळणं सावकाश खाली उतरलं पाहिजे.

पोटदुखीला नाटक म्हणणं

काळजीने पोट खरंच दुखतं. एकदा डॉक्टरांना दाखवा. ताप, घटणारं वजन किंवा झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर कारण काळजी आहे असं धरून चालू नका.

भीतीमुळे शाळा, झोप, जेवण किंवा खेळ चार आठवड्यांहून जास्त अडला असेल तर बालमानसतज्ज्ञांना भेटा. मूल मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या गोष्टी बोलत असेल तर त्याच दिवशी.