सरकारी संशोधनातील राजकीय हस्तक्षेप कसा ओळखावा आणि कसा सिद्ध करावा

सरकारी संस्थेचा एखादा शास्त्रीय अहवाल बदलला गेला, दाबून ठेवला गेला किंवा त्याच्या प्रमुख लेखकाला पदावरून दूर केले गेले अशी बातमी आली की तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे बहुतेक जण सत्ताधारी पक्षाविषयीच्या आपल्या मतावरून ठरवतात. विरोधकाला ती लगेच खरी वाटते, समर्थकाला लगेच खोटी. हे मार्गदर्शन कागदपत्रे पाहून मत बनवू इच्छिणाऱ्यांसाठी आहे, मग ते पत्रकार असोत, कार्यकर्ते असोत, विद्यार्थी असोत किंवा अशा संस्थांमध्ये काम करणारे संशोधक असोत. हस्तक्षेपाचा आरोप करणे सोपे असते. तो सिद्ध करण्यासाठी चिकाटीने करायचे, बरेचसे कारकुनी वळणाचे काम लागते, आणि ते बहुतेक कोणालाही जमण्यासारखे आहे.

आधी निष्कर्ष आणि निर्णय वेगळे करा

पहिली पायरी विचाराची आहे आणि तिथे चूक झाली तर पुढचे सगळे श्रम वाया जातात. एखाद्या पदार्थाने शरीराला किती हानी होते, जंगल किती घटले, बेरोजगारी किती आहे, हे निष्कर्ष होत. त्यांवर काय उपाय करायचा, किती खर्च करायचा, कोणता धोका पत्करायचा, हे निर्णय होत. निर्णय घेण्याचा अधिकार निवडून आलेल्या सरकारचा आहे आणि तज्ज्ञांचा सल्ला नाकारण्याचाही अधिकार त्यातच येतो. हस्तक्षेप होतो तो निर्णय सोयीचा दिसावा म्हणून निष्कर्ष बदलला, लपवला किंवा तो मांडणाऱ्याला गप्प केले तेव्हा.

ब्रिटनमधील एका प्रकरणात ही रेषा स्पष्ट दिसते. अमली पदार्थांविषयीच्या सल्लागार परिषदेने गांजा कायद्याच्या ‘क’ वर्गातच ठेवावा असे सुचवले होते; सरकारने जानेवारी २००९ पासून तो अधिक कडक अशा ‘ब’ वर्गात टाकला. हा सल्ला मानायला सरकार बांधील नव्हते, म्हणून त्याला कोणी चुकीचा निर्णय म्हणू शकेल, हस्तक्षेप म्हणता येणार नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये परिषदेचे अध्यक्ष डेव्हिड नट यांनी दारू आणि तंबाखूची हानी काही बेकायदा पदार्थांपेक्षा अधिक असल्याचे जाहीरपणे मांडले, तेव्हा गृहमंत्री ॲलन जॉन्सन यांनी त्यांना पदावरून दूर केले. सल्लागाराने सरकारी धोरणाविरुद्ध प्रचार करू नये असे मंत्र्यांचे म्हणणे होते. माझ्या मते इथे रेषा ओलांडली गेली, कारण नट बोलत होते ते ज्या विषयासाठी त्यांना नेमले होते त्याच विषयातील पुराव्याविषयी.

संशोधनाच्या पैशाबाबतही हाच विवेक लावावा. कोणत्या क्षेत्राला एकूण किती निधी द्यायचा हे सरकारने ठरवणे गैर नाही. त्या क्षेत्रातील अमुक एक प्रकल्प निवडणे किंवा नाकारणे हे मंत्री करू लागले, तर मात्र कारण विचारायला हवे. ब्रिटनमध्ये ‘हॉल्डेन तत्त्व’ या नावाने ओळखला जाणारा हा संकेत २०१७ मध्ये कायद्यातच लिहिला गेला.

मसुदे शेजारी ठेवून वाचा

हस्तक्षेपाचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे एकाच अहवालाचे दोन मसुदे. माहितीच्या अधिकारासारखा कायदा उपलब्ध असेल तर अर्जात ‘अहवालाविषयी सर्व माहिती’ अशी मोघम मागणी करू नका. प्रत्येक मसुदा त्याच्या तारखेसह, त्यावरील शेरे आणि नोंदी, तज्ज्ञ परीक्षकांचे अभिप्राय, आणि मसुदा कोणकोणत्या कार्यालयांतून फिरला त्याची नोंद, असे कागद नावानिशी मागा.

मसुदे हाती आले की प्रत्येक बदल तक्त्यात उतरवा. बदल भाषेचा आहे, वस्तुस्थितीचा आहे की खात्रीच्या पातळीचा आहे, हे त्याच्यापुढे लिहा. तिसऱ्या प्रकाराकडे सर्वाधिक लक्ष द्या. आकडे सहसा कोणी बदलत नाही, कारण ते पकडले जातात. बदलली जातात ती विशेषणे आणि क्रियापदे. ‘आढळून आले’ याचे ‘काही अभ्यासांत सुचवले गेले आहे’ होते, आणि ‘शक्यता आहे’ याचे ‘शक्यता नाकारता येत नाही’ होते. प्रत्येक बदल सुटा पाहिला तर निरुपद्रवी वाटतो, पण तीस-चाळीस बदल एकाच दिशेने झुकलेले दिसले की चित्र बदलते.

अमेरिकेत नेमके हेच उघड झाले. अध्यक्षांच्या कार्यालयातील पर्यावरणविषयक परिषदेचे अधिकारी फिलिप कूनी यांनी २००२ आणि २००३ मधील हवामानबदलाच्या सरकारी अहवालांच्या मसुद्यांत स्वतःच्या हाताने खाडाखोड केली होती. ‘अनिश्चितता’ या शब्दापूर्वी ‘लक्षणीय आणि मूलभूत’ असे शब्द घालणे, एखादी गोष्ट ‘कठीण’ असेल तर ती ‘अत्यंत कठीण’ करणे, अशी ती दुरुस्ती होती. हे अहवाल तयार करणाऱ्या सरकारी हवामान कार्यक्रमातून राजीनामा देऊन बाहेर पडलेले अधिकारी रिक पिल्ट्झ यांनी ही पाने उजेडात आणली आणि जून २००५ मध्ये ती वृत्तपत्रात छापली गेली. कूनी शास्त्रज्ञ नव्हते. ते वकील होते आणि पूर्वी पेट्रोलियम उद्योगाच्या संघटनेत काम करत होते. हे उघड झाल्यावर कूनी यांनी राजीनामा दिला आणि ते एक्झॉनमोबिल या तेल कंपनीत गेले. म्हणूनच तक्त्यात आणखी तीन रकाने ठेवा: बदल करणाऱ्याचे पद आणि पात्रता, बदल तज्ज्ञपरीक्षणाच्या आधी झाला की नंतर, आणि त्याचे कारण कागदावर आहे का. परीक्षण पूर्ण झाल्यावर, विषयाचे शिक्षण नसलेल्या व्यक्तीने, कारण न देता केलेला बदल हा सर्वांत वजनदार पुरावा होय.

मसुदे मिळाले नाहीत तर निदान अहवालाचा सारांश आणि आतील प्रकरणे ताडून पाहा. सारांश तेवढा वाचला जातो हे राजकारण्यांना पक्के ठाऊक असते, त्यामुळे प्रकरणांत ठामपणे आलेला निष्कर्ष सारांशात मवाळ झाला आहे का, की गायबच झाला आहे, हे पाहणे फार उपयोगी पडते.

तारखांची साखळी बांधा

प्रत्येक वेळी अहवाल बदलला जातोच असे नाही. काही वेळा तो नुसता पडून राहतो. अशा वेळी अहवाल सादर झाल्याची, अंतर्गत मान्यतेची, नियोजित प्रसिद्धीची आणि प्रत्यक्ष प्रसिद्धीची तारीख एका ओळीत लिहा आणि खाली त्याच काळातील निवडणुका, अधिवेशने, प्रकल्पांच्या मंजुऱ्या मांडा.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाने आपला अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला दिला. तो लोकांसमोर आला मे २०१२ मध्ये, आणि तेही माहिती अधिकारातील अर्ज, केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश आणि दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल या मार्गाने. अहवालातील शिफारशी मान्य कराव्यात की नाही हा सरकारचा प्रश्न होता; ज्या लोकांच्या जमिनी आणि नद्यांविषयी तो होता, त्यांनी तो वाचूच नये, ही भूमिका मात्र न्यायालयात टिकली नाही. दुसरे उदाहरण रोजगाराच्या आकडेवारीचे आहे. २०१७-१८ च्या श्रमबल सर्वेक्षणाचा अहवाल राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केला होता. तो प्रसिद्ध होत नाही म्हणून जानेवारी २०१९ अखेर आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले, आणि ६.१ टक्के बेरोजगारीचा आकडा ३१ मे २०१९ रोजी, लोकसभा निवडणुकीचा निकाल लागल्यानंतर, अधिकृतपणे आला. अहवाल अंतिम झाला नव्हता आणि नव्या पद्धतीमुळे जुन्या आकड्यांशी तुलना योग्य नाही, असे सरकारचे म्हणणे होते. ते म्हणणेही साखळीत नोंदवा. केवळ उशीर हा पुरावा नव्हे. मान्यतेनंतरचा, नियमात न बसणारा आणि लेखी कारण नसलेला उशीर हा पुरावा आहे.

जे मोजलेच गेले नाही त्याचा शोध घ्या

हा भाग सर्वांत अवघड आहे आणि मला तो सर्वांत गंभीरही वाटतो, कारण जो अभ्यास झालाच नाही त्याचा मसुदा मिळत नाही आणि त्याच्यासाठी कोणी राजीनामाही देत नाही. इथे अहवाल नव्हे, अंदाजपत्रक, कार्यकक्षा आणि प्रश्नावली वाचावी लागते.

१९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने रोगनियंत्रण संस्थेच्या दुखापतविषयक निधीला अशी अट जोडली की हा पैसा बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार किंवा प्रचार करण्यासाठी वापरता येणार नाही. संशोधनावर शब्दशः बंदी नव्हती. परंतु त्याच वेळी संस्थेच्या निधीतून नेमके २६ लाख डॉलर कापले गेले, म्हणजे आदल्या वर्षी बंदुकीच्या दुखापतींच्या अभ्यासावर खर्च झाला होता तेवढेच. इशारा सर्वांना समजला, आणि पुढील दोन दशके या विषयाला संस्थेने जवळजवळ हात लावला नाही. अटीला ज्यांचे नाव मिळाले ते प्रतिनिधी जे डिकी यांनी पुढे याबद्दल खेद व्यक्त केला. २०२० या अर्थवर्षासाठी या अभ्यासाला पुन्हा २ कोटी ५० लाख डॉलर मिळाले, पण मधल्या वर्षांची आकडेवारी आता कोणीही मागे जाऊन गोळा करू शकत नाही.

कॅनडात हाच परिणाम प्रश्नावलीच्या मार्गाने झाला. २०१० मध्ये सरकारने जनगणनेची सक्तीची विस्तृत प्रश्नावली रद्द करून तिच्याऐवजी ऐच्छिक सर्वेक्षण आणले. सांख्यिकी विभागाचे प्रमुख मुनीर शेख यांचा याला पाठिंबा असल्याचा समज पसरवला गेला तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. प्रतिसादाचे प्रमाण सुमारे ९४ टक्क्यांवरून ७० टक्क्यांच्या खाली आले आणि अनेक लहान वस्त्यांची आकडेवारी गुणवत्तेअभावी प्रसिद्धच करता आली नाही. सक्तीची प्रश्नावली २०१६ मध्ये परत आली. म्हणून कोणत्याही सर्वेक्षणाची नवी आवृत्ती आली की कोणता प्रश्न गळला, नमुना किती लहान झाला आणि बदलाची शिफारस कोणत्या तांत्रिक समितीने केली होती, हे आधी पाहा. शिफारस सापडत नसेल तर तिथूनच चौकशी सुरू करा.

अधिकाऱ्याची उचलबांगडी झाली असेल तर

बदली किंवा बडतर्फीमागचा हेतू सिद्ध करणे कठीण असते. त्याने मांडलेला आकडा पुढे टिकला का, हे मात्र तपासता येते. ब्राझीलच्या अंतराळ संशोधन संस्थेचे संचालक रिकार्दू गॅल्व्हाव यांना ऑगस्ट २०१९ मध्ये हटवण्यात आले, कारण ॲमेझॉनमधील जंगलतोड वाढल्याची उपग्रह आकडेवारी अध्यक्ष बोल्सोनारो यांनी खोटी ठरवली होती. त्याच वर्षीच्या वार्षिक मोजणीत सुमारे १० हजार चौरस किलोमीटर जंगल नष्ट झाल्याचे दिसले, जो दशकातील सर्वाधिक आकडा होता. ग्रीसचे सांख्यिकी प्रमुख आंद्रेआस जॉर्जिऊ यांच्यावर २००९ ची तूट फुगवल्याचा ठपका ठेवून वर्षानुवर्षे खटले चालवले गेले, तर युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाने त्यांचे आकडे वेळोवेळी मान्य केले.

तक्रार कोणत्या नियमाखाली करायची ते शोधा

सप्टेंबर २०१९ मध्ये डोरियन वादळाचा अमेरिकेतील अलाबामा राज्यालाही धोका असल्याचे अध्यक्ष ट्रम्प यांनी सांगितले, तेव्हा त्याच राज्यातील बर्मिंगहॅमच्या सरकारी हवामान कार्यालयाने काही मिनिटांतच तो धोका नसल्याचे कळवले. पाच दिवसांनी वरिष्ठ संस्थेने सही नसलेले निवेदन काढून आपल्याच हवामान अंदाजकारांना चुकीचे ठरवले. पुढे २०२० मध्ये बाहेरच्या समितीने केलेल्या चौकशीत संस्थेच्या प्रभारी प्रमुखांनी वैज्ञानिक सचोटीच्या धोरणाचा भंग केल्याचा निष्कर्ष निघाला. तो निघू शकला, कारण शास्त्रीय माहितीत ढवळाढवळ कशाला म्हणायचे हे त्या धोरणात आधीच लिहिलेले होते. तुमच्या प्रकरणातील संस्थेचे असे धोरण, सेवानियम किंवा प्रसिद्धीचे वेळापत्रक शोधा आणि तक्रारीत कलमाचा क्रमांक द्या. ‘लोकशाहीचा गळा घोटला’ या वाक्याला उत्तर द्यावे लागत नाही. कलमाला द्यावे लागते.

संस्थेच्या आत काम करणाऱ्यांनी तोंडी सूचना मिळाल्यावर त्याच दिवशी तिची तारखेसह टिपणी करावी आणि ‘आपण सांगितल्याप्रमाणे अमुक वाक्य वगळायचे आहे ना’ असे नम्रपणे लेखी विचारावे. असहमती अहवालासोबत जोडण्याची सोय असेल तर ती वापरावी. गोपनीय कागद घरी नेण्यापूर्वी वकिलाचा सल्ला जरूर घ्यावा. अनेक ठिकाणी संरक्षण मिळते ते ठरावीक मार्गाने केलेल्या तक्रारीलाच.

स्वतःच्या निष्कर्षाचीही परीक्षा घ्या

प्रसिद्ध करण्यापूर्वी तीन शक्यता प्रामाणिकपणे तपासा. बदल खरोखर नव्या माहितीमुळे झाला असेल का? मूळ मसुदाच पुराव्यापेक्षा जास्त बोलत होता का? आणि हीच कृती आपल्या पसंतीच्या पक्षाने केली असती तर आपण तिला हेच नाव दिले असते का? सोव्हिएत रशियात, सत्तेच्या पाठिंब्यावर अनुवंशशास्त्रच नाकारणाऱ्या लायसेंकोच्या विरोधात उभे राहिलेले अनुवंशशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव यांना १९४० मध्ये अटक झाली आणि १९४३ मध्ये ते तुरुंगात मरण पावले. प्रत्येक खाडाखोडीला त्या पंक्तीत बसवले तर ऐकणारा पुराव्याकडेही पाहत नाही. जेवढे कागद सांगतात तेवढेच लिहा: कोणी, कोणत्या तारखेला, कोणता मजकूर, कोणत्या नियमाविरुद्ध बदलला. संबंधित कार्यालयाला उत्तरासाठी पुरेसा वेळ द्या आणि ते उत्तर पूर्ण छापा. मूळ मसुदे, आकडेवारीच्या फाइली आणि संकेतस्थळावरील पाने यांच्या प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी तारखेसह जतन करा, आणि त्याच मालिकेचा पुढचा अहवाल आला की तोच तक्ता पुन्हा भरा.